विश्लेषण : जोर-बैठका की केटलबेल? घरच्या घरी पूर्ण शरीराच्या व्यायामासाठी काय पुरेसे?

वर कडी असलेला लोखंडी गोळा वीस मिनिटे झुलवला की चारशे कॅलरी जळतात, असे एक रील सांगते. पुढचे रील म्हणते, कसलेही साहित्य नको, जोर-बैठका पुरेत. दोन्ही दाव्यांना काही ना काही संशोधनाचा आधार आहे आणि दोन्ही दाव्यांत महत्त्वाचा काही भाग गाळलेला आहे. केटलबेल विकत घेण्यापूर्वी किंवा घरात कोपऱ्यात धूळ खात पडलेली पुन्हा हातात घेण्यापूर्वी या दोन प्रकारांत नेमका फरक काय, पाठीला धोका किती आणि कोणी काय निवडावे, याचा हा आढावा.

ही तुलना महत्त्वाची का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांचे दोन भाग आहेत. पहिला भाग बहुतेकांना ठाऊक असतो : प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. दुसरा भाग मात्र सहसा विसरला जातो. आठवड्यात किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा, असे तो सांगतो.

आपल्याकडे पहिल्या भागाचीच वानवा आहे. ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांमध्ये ४२ टक्के होते.

जे लोक हालचाल करतात, त्यांच्यातील अनेकांचा व्यायाम म्हणजे सकाळचे चालणे. चालणे उत्तमच, पण त्याने सूचनेचा पहिला भाग पूर्ण होतो, दुसरा नाही. वयाच्या तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि त्यांना भार मिळाला नाही, तर ही घट वाढत जाते. जमिनीवरून हाताचा आधार न घेता उठणे, बसची पायरी चढणे, पाय घसरला तर तोल सावरणे ही सगळी ताकदीची कामे आहेत. त्यामुळे ‘कोणता व्यायाम चांगला’ या प्रश्नापेक्षा ‘कोणता व्यायाम नियमित होईल आणि काहीही सुटू देणार नाही’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

‘पूर्ण शरीराचा व्यायाम’ म्हणजे नेमके काय?

घाम फुटला आणि सगळे अंग दुखले, म्हणजे पूर्ण शरीराचा व्यायाम झाला असे नाही. मोजमाप सोपे व्हावे म्हणून शरीराच्या कामाचे ढोबळमानाने सहा प्रकार केले जातात.

१. बसणे-उठणे : बैठका, खुर्चीतून उठणे.

२. ढकलणे : जोर, जड कपाट सरकवणे, डोक्यावरच्या फळीवर डबा ठेवणे.

३. ओढणे : विहिरीतून पाणी शेंदणे, दोरी ओढणे, बारला लटकून वर चढणे.

४. खुब्यातून वाकून उचलणे : पाठ सरळ ठेवून, पार्श्वभाग मागे नेत जमिनीवरचे पोते किंवा बादली उचलणे.

५. वाहून नेणे : दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिने चढणे.

६. धड स्थिर ठेवणे : हातपाय हलत असताना पोट आणि पाठ घट्ट राखणे.

घरातला भरलेला गॅस सिलिंडर घ्या. आतला गॅस १४.२ किलो, टाकीसह वजन साधारण ३० किलो. तो दारापासून ओट्यापर्यंत नेताना यांतील निदान तीन-चार प्रकार एकदम वापरले जातात. जो व्यायामक्रम या सहाही खान्यांत काही ना काही टाकतो, तो पूर्ण शरीराचा. जोर-बैठका आणि केटलबेल यांची खरी तुलना इथेच होते : कोण कोणते खाने भरतो आणि कोणते रिकामे ठेवतो?

जोर मारताना प्रत्यक्षात किती वजन उचलले जाते?

‘वजन न वापरता केलेला व्यायाम’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. वजन असतेच, फक्त ते आपले स्वतःचे असते. साध्या पुश-अपमध्ये हातांवर किती भार येतो, याचे मोजमाप २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आले. हात सरळ असताना शरीराच्या वजनाच्या सुमारे ६९ टक्के आणि छाती खाली असताना सुमारे ७५ टक्के भार हातांवर येतो, असे त्यात आढळले. गुडघे टेकवून पुश-अप केल्यास हेच आकडे अनुक्रमे सुमारे ५४ आणि ६२ टक्क्यांवर येतात.

म्हणजे ७० किलो वजनाची व्यक्ती एक पुश-अप करते, तेव्हा तिच्या हातांवर ४८ ते ५२ किलो भार असतो. गुडघे टेकवले तरी तो ३७ ते ४३ किलो असतो. नवशिक्याला हे अजिबात कमी नाही. उलट अनेकांना सुरुवातीला हेच जास्त होते.

इथे तरफेचे तत्त्व कामी येते. पायाचे चवडे हा टेकू. हात जितके उंचावर, तितका हातांवरचा भार कमी. भिंतीवर हात टेकून केलेला पुश-अप सर्वांत हलका. नंतर ओटा, मग खुर्चीची बैठक, मग जमीन. पाय पलंगावर ठेवून हात जमिनीवर टेकवले, की भार वाढतो. एकही रुपया न खर्चता भार कमी-जास्त करण्याची ही सोय आहे. पायांसाठीही तसेच : खुर्चीवरून उठणे, अर्धी बैठक, पूर्ण बैठक, एक पाय मागे ठेवून बैठक आणि शेवटी एका पायावरची बैठक. दोन पायांचा भार एकावर आला, की काम जवळपास दुप्पट होते.

याने स्नायू खरेच वाढतात का? जपानमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १८ तरुणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाने हलक्या वजनाचा बेंच प्रेस केला, तर दुसऱ्याने तेवढ्याच भाराचे पुश-अप. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत स्नायूंची वाढ सारखीच होती. २०१५ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी रबरी पट्टा लावून पुश-अप आणि जड बेंच प्रेस यांची तुलना केली. स्नायूंवरचा ताण सारखा ठेवला, की ताकदही सारखीच वाढते, असे त्यांना दिसले. थोडक्यात, वजन लोखंडाचे आहे की अंगाचे, हे स्नायूला कळत नाही. त्याला फक्त ताण कळतो.

मग जोर-बैठकांत उणीव कुठे?

वरच्या सहा खान्यांकडे पुन्हा पाहिले, की उणीव दिसते. बसणे-उठणे, ढकलणे आणि धड स्थिर ठेवणे हे तीन खाने अंगाच्या वजनावर उत्तम भरतात. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली, ओढणे. मोकळ्या जमिनीवर स्वतःला ओढता येत नाही. त्यासाठी वर लटकायला काही तरी हवे. मल्लखांबात हेच होते : खांबाला किंवा दोराला धरून अंग वर ओढायचे. घरात मात्र खांब नसतो आणि दाराच्या चौकटीत बसवायचा बार प्रत्येक चौकटीला पेलतोच असे नाही. मग छाती आणि खांद्याचा पुढचा भाग रोज काम करतो, पाठीचा वरचा भाग मात्र बसून राहतो. दिवसभर लॅपटॉपपुढे खांदे पुढे झुकवून बसणाऱ्याने फक्त जोर मारले, तर ज्या भागाला व्यायामाची सर्वाधिक गरज आहे, तोच सुटतो.

दुसरी अडचण खुब्यातून वाकून उचलण्याची. उताणे झोपून कंबर वर उचलणे, एका पायावर उभे राहून पुढे झुकणे असे प्रकार आहेत. पण निरोगी माणसाला काही आठवड्यांतच ते हलके वाटू लागतात. मांडीचे मागचे स्नायू आणि नितंब हे शरीरातील सर्वांत ताकदवान स्नायूंपैकी आहेत. त्यांना पुरेसे काम देण्यासाठी हातात काही तरी जड असावे लागते. वाहून नेण्याच्या खान्याचेही तेच.

तिसरी बाब उणीव नव्हे, सवयीची आहे. बैठका २० वरून ५० आणि ५० वरून १०० वर नेल्या, की दमसास वाढतो. ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. संख्या वाढवत नेण्यापेक्षा प्रकार अवघड करणे गरजेचे असते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात.

केटलबेल आली कुठून आणि ती डंबेलपेक्षा वेगळी कशी?

केटलबेल मूळची रशियातील. तिथे तिला ‘गिर्या’ म्हणतात. बाजारात धान्य तोलायची ही वजने. जुन्या रशियन मापातील एक ‘पूद’ म्हणजे १६.३८ किलो. आजही केटलबेल ८, १६, २४, ३२ किलो अशा टप्प्यांत विकली जाते, त्याचे मूळ अर्धा, एक, दीड आणि दोन पूद या मापांत आहे. बाजारात ताकदीच्या पैजा लागू लागल्या आणि तोलायचे वजन व्यायामाचे साधन बनले. सेंट पीटर्सबर्गमधील डॉक्टर व्लादिस्लाव क्रायेव्स्की यांनी १८८५ मध्ये व्यायामप्रेमींचे मंडळ सुरू केले आणि अशा वजनांच्या पद्धतशीर व्यायामाला चालना दिली. पुढे सोव्हिएत काळात दहा मिनिटांत जास्तीत जास्त वेळा केटलबेल उचलण्याचा क्रीडाप्रकार रुजला. मिन्स्कमध्ये जन्मलेले प्रशिक्षक पावेल त्सात्सुलिन यांचे पुस्तक २००१ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि तिथून हा गोळा जगभरच्या जिममध्ये पोहोचला.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. तालमीत जोर-बैठकांच्या जोडीला मुद्गल आणि करेला फिरवली जात. जत्रांमध्ये दगडी गोट्या उचलण्याच्या पैजा लागत. मुद्गल आणि केटलबेल यांत एक साम्य आहे : वजन मुठीत नसते, मुठीपासून दूर असते.

डंबेल धरली, की वजन हाताच्या दोन्ही बाजूंना सारखे विभागलेले असते. केटलबेलमध्ये ते कडीच्या खाली लोंबते. त्यामुळे ती लोलकासारखी झुलवता येते आणि झुलताना मनगट, खांदा, पोट यांना तिला सतत आवरावे लागते. उभ्याने एका हातात धरून चालले, तरी शरीर त्या बाजूला कलू नये म्हणून दुसऱ्या बाजूचे पोटाचे स्नायू कामाला लागतात.

‘स्विंग’मध्ये शरीरात काय घडते?

केटलबेलचा मुख्य व्यायाम म्हणजे स्विंग. पाय खांद्याएवढे फाकवून उभे राहायचे, पाठ सरळ ठेवून पार्श्वभाग मागे न्यायचा, दोन्ही हातांत धरलेली केटलबेल पायांमधून मागे जाऊ द्यायची आणि खुबे झटक्यात सरळ करून ती छातीच्या उंचीपर्यंत पुढे जाऊ द्यायची. हात इथे फक्त दोरीचे काम करतात. इंजिन खुब्यात असते. म्हणजेच जोर-बैठकांत रिकामा राहिलेला चौथा खाना हा एक व्यायाम भरतो.

याचा परिणाम मोजला गेला आहे. ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ तरुणांपैकी एका गटाला सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी १२ मिनिटे स्विंग करायला लावले. ३० सेकंद काम, ३० सेकंद विश्रांती, असा क्रम होता. केटलबेल १२ किंवा १६ किलोची. सहा आठवड्यांत पायांची ताकद आणि उभ्या उडीतील जोर या दोन्हींत वाढ झाली. आठवड्याला एकूण २४ मिनिटांत मिळालेले हे फळ लक्षणीय आहे. मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये : त्या अभ्यासात दुसऱ्या गटाने उड्या मारत बैठका केल्या आणि त्यांच्यातही सुधारणा झाली.

ओढण्याचा खानाही केटलबेलने भरतो. एक हात खुर्चीवर टेकवून, दुसऱ्या हाताने केटलबेल कमरेपर्यंत ओढली, की पाठीच्या वरच्या भागाला काम मिळते. छातीशी धरून बैठका मारल्या, की पायांना जास्त भार मिळतो. हातात धरून घरभर चालले, की वाहून नेण्याचे काम होते. एकाच गोळ्यात हे सगळे होते, हीच तिची खरी जमेची बाजू.

कॅलरींचे दावे किती खरे?

‘वीस मिनिटांत चारशे कॅलरी’ हा आकडा अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने पुरस्कृत केलेल्या २०१० मधील अभ्यासातून आला आहे. त्यात मिनिटाला सुमारे २० कॅलरी खर्च झाल्याचे म्हटले होते. पण तपशील पाहायला हवा. सहभागी फक्त दहा जण आणि तेही केटलबेलचा अनुभव असलेले. व्यायाम साधा स्विंग नव्हे, तर ‘स्नॅच’, म्हणजे पायांमधून थेट डोक्यावर नेण्याचा कठीण प्रकार. शिवाय २०.२ पैकी १३.६ कॅलरी ऑक्सिजनच्या वापरावरून मोजलेल्या होत्या; उरलेल्या ६.६ रक्तातील लॅक्टेटवरून काढलेला अंदाज होता. पहिल्यांदाच केटलबेल हातात घेणाऱ्याने हा आकडा स्वतःला लावणे चुकीचे ठरेल.

मनगटावरचे घड्याळही इथे दिशाभूल करू शकते. २०१० मध्येच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दहा तरुणांनी १६ किलोच्या केटलबेलने १२ मिनिटे स्विंग केले. त्यांच्या हृदयाचे ठोके कमाल पातळीच्या ८७ टक्क्यांपर्यंत पोहोचले. पण ऑक्सिजनचा वापर मात्र कमाल पातळीच्या ६५ टक्केच होता. घट्ट मूठ आणि आवळलेले स्नायू यांमुळे ठोके वाढतात, तेवढ्या प्रमाणात इंधन जळत नाही. ठोक्यांवरून कॅलरी काढणारे घड्याळ अशा वेळी जास्तीचा आकडा दाखवू शकते. तो पाहून जेवणात एक चपाती आणि वर गोड वाढवले, तर गणित फसते.

जोरांच्या बाजूनेही असा एक आकडा फिरतो : ४० पुश-अप करणाऱ्याला हृदयविकार होत नाही. हा दावा ‘जामा नेटवर्क ओपन’मध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा विपर्यास आहे. अमेरिकेतील १,१०४ पुरुष अग्निशमन कर्मचाऱ्यांवर दहा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. सुरुवातीला ४० पेक्षा जास्त पुश-अप करू शकणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या घटना दहापेक्षा कमी करणाऱ्यांच्या तुलनेत ९६ टक्क्यांनी कमी होत्या. पण पुश-अप हे इथे एकूण तंदुरुस्तीचे लक्षण होते. पुश-अपमुळेच हृदय वाचले, असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय सहभागींत एकही स्त्री नव्हती.

पाठदुखी असेल तर काय?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. डेन्मार्कमध्ये २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० नोकरदार सहभागी झाले. सरासरी वय ४४ आणि त्यात ८५ टक्के स्त्रिया. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, केटलबेलचा व्यायाम केला. शून्य ते दहाच्या मापावर मान-खांद्याचे दुखणे दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे दोन अंकांनी आणि कंबरदुखी सुमारे दीड अंकाने कमी झाली. पाठीची ताकदही वाढली. मात्र दमसास, म्हणजे ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, वाढली नाही. ‘केटलबेल घेतली, आता चालण्याची गरज नाही’ असे मानणाऱ्यांसाठी ही नोंद महत्त्वाची आहे.

दुसरी बाजू कॅनडातील पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांच्या २०१२ मधील मोजमापातून दिसते. १६ किलोच्या स्विंगमध्ये कण्याच्या खालच्या भागावर जास्तीत जास्त सुमारे ३,२०० न्यूटन, म्हणजे जवळपास ३२५ किलो वजनाइतका दाब येतो. कामाच्या ठिकाणी ओझी उचलण्यासाठी अमेरिकेतील ‘नायोश’ ही संस्था ३,४०० न्यूटनची मर्यादा सांगते. म्हणजे योग्य पद्धतीने केलेला स्विंगही त्या मर्यादेच्या आसपास जातो. शिवाय नेहमीच्या वजन उचलण्यात मणक्यांवर ज्या दिशेने सरक-ताण येतो, त्याच्या उलट दिशेचा ताण स्विंगमध्ये येतो. एरवी जड वजन सहज उचलणाऱ्या काहींना केटलबेलने पाठ का दुखते, याचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

यातून अर्थ असा निघतो, की केटलबेल पाठीला बळ देते; पण चूक माफ करत नाही. जोर चुकला, तर माणूस छातीवर पडतो. स्विंगमध्ये पाठीला बाक आला, तर दर मिनिटाला वीस-पंचवीस वेळा तीच चूक वजनासह घडते. पायांत मुंग्या येणे, दुखणे कंबरेतून पायात उतरणे, हर्निया, नियंत्रणात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, गर्भारपण किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. दोन्ही प्रकारांत जोर लावताना श्वास रोखू नये. रक्तदाब झटकन वाढतो.

खर्च, जागा आणि शेजारी?

अंगाच्या वजनाच्या व्यायामाला एक सतरंजी पुरते. प्रवासात, वसतिगृहात, दोन खोल्यांच्या घरात तो कुठेही होतो. केटलबेलला पुढे-मागे, बाजूला आणि डोक्यावर मोकळी जागा हवी. पंखा, टीव्ही, रांगते मूल यांपासून लांब. फरशीवर आपटली तर फरशी फुटते आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात. त्यामुळे खाली जाड रबरी मॅट लागते. कडी घामाने निसरडी होते, म्हणून जवळ रुमाल हवा.

खर्चाचा खरा मुद्दा पुढच्या वजनाचा आहे. जोर अवघड करायला पैसे लागत नाहीत. केटलबेल मात्र ८ वरून १२ किलोवर नेली, तर भार एकदम ५० टक्के वाढतो. १६ वरून २४ वर नेली तरी तेवढाच. ही उडी झेपली नाही, की माणूस जुन्याच वजनावर अडकतो किंवा पाठ दुखावून घेतो. त्यामुळे आधी त्याच वजनात फेऱ्या वाढवाव्यात, विश्रांती कमी करावी आणि मगच पुढचे वजन घ्यावे.

मग निवड कशी करावी?

व्यायामाची सवयच नसेल, तर पहिले आठ ते बारा आठवडे काहीही विकत घेऊ नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस, २५-३० मिनिटे, अंगाच्या वजनावर व्यायाम पुरेसा आहे. रिकामे राहणारे खाने भरायला घरातली सॅक कामी येते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच भरलेल्या बाटल्या सॅकमध्ये घातल्या, की पाच किलोचे वजन तयार. ती घट्ट बांधून एका हाताने कमरेपर्यंत ओढावी, खुब्यातून वाकून उचलावी, हातात धरून चालावे. सॅक झुलवू मात्र नये. पट्टा तुटू शकतो. जवळच्या मैदानात सिंगल बार असेल, तर त्याला नुसते लटकण्यापासून सुरुवात करता येते.

एका दिवसाचा साधा क्रम असा ठेवता येईल. प्रत्येकी तीन फेऱ्या, दोन फेऱ्यांमध्ये एक ते दीड मिनिट विश्रांती :

- बैठका किंवा खुर्चीतून उठणे : १० ते १५
- पुश-अप, झेपेल त्या उंचीवर : ६ ते १२
- सॅक ओढणे : प्रत्येक हाताने १०
- सॅक घेऊन खुब्यातून वाकून उठणे : १०
- प्लँक : २० ते ३० सेकंद
- सॅक एका हातात धरून चालणे : प्रत्येक बाजूने ३० सेकंद

केटलबेल घ्यावी का, हे ठरवण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. लांब काठी पाठीवर उभी धरावी : डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली असावी. आता खुब्यातून पुढे वाकावे. दहा वेळा वाकूनही काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली, तर स्विंग शिकायला शरीर तयार आहे. काठी सुटत असेल, तर आधी तेच शिकायचे.

वजन निवडताना नवशिक्या स्त्रियांना साधारण ८ किलो आणि पुरुषांना १२ किंवा १६ किलो सुचवले जाते. दुखापत झालेली असेल किंवा वय जास्त असेल, तर याहून हलके. खूप हलकी केटलबेल घेतली, तर ती हातांनी उचलली जाते आणि खुब्याला काम मिळत नाही; खूप जड घेतली, तर पाठ वाकते. पहिले काही दिवस नुसते उचलून ठेवणे, ओढणे आणि छातीशी धरून बैठका एवढेच करावे. स्विंग शिकताना एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला दोन-तीन वेळा प्रत्यक्ष दाखवून घ्यावे. ते शक्य नसेल, तर मोबाइल बाजूला उभा करून स्वतःचे चित्रीकरण करावे आणि पाठ सरळ राहते का, ते पाहावे. डोक्यावर न्यायचा स्नॅच सुरुवातीचे काही महिने विसरावा.

वेळ अगदीच कमी असेल आणि स्विंग नीट येत असेल, तर केटलबेल कमी मिनिटांत जास्त काम देते. सतत प्रवास असेल, पैसे खर्चायचे नसतील किंवा वजन उचलायची भीती वाटत असेल, तर अंगाचे वजन हाच भरवशाचा मार्ग. साठीपुढच्या व्यक्तींसाठी खुर्चीतून उठणे आणि भिंतीवरचे पुश-अप ही उत्तम सुरुवात आहे. चालणे मात्र कोणालाही सुटलेले नाही.

थोडक्यात काय?

या दोन प्रकारांत स्पर्धा लावण्याचे कारण नाही. जोर-बैठका तीन खाने उत्तम भरतात. उरलेल्या तीन खान्यांसाठी, म्हणजे ओढणे, वाकून उचलणे आणि वाहून नेणे यांसाठी, काही तरी जड हातात घ्यावे लागते. ते पाण्याच्या बाटल्यांची सॅक असू शकते, मुद्गल असू शकते किंवा केटलबेल. तालमीतही अंगमेहनत आधी आणि मुद्गल नंतर, असाच शिरस्ता असे. केटलबेल घेतलीच, तर जोर-बैठका सोडू नयेत आणि घेतली नाही, तर ओढणे आणि वाकून उचलणे सोडू नये.